शुभ्राची आत्या

"बाई, लिहून घ्या," असं म्हणत मामांनी गमबूट दाराबाहेर काढले आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. एरवी ते समोरच्या स्टुलावर बसायचे. त्या दिवशी बसले नाहीत.

मी वही उघडली. "बोला मामा."

"अठरा जानेवारी. रेवानं सकाळी खाल्लं न्हाई. भैरवनं निम्मं टाकलं. आठ वाजता मधला दरवाजा वर वढला अन् भैरवला रेवाकडं सोडला. दिवसभरात सहा वेळा लागली."

"बरं."

"अजून लिहा. ही दोघं सख्खी भावंडं हायेत. दरवाजा वढणारा धोंडीराम आडसूळ नको म्हणत व्हता. डॉक्टरीणबाईंनी वढ म्हणून सांगितलं, म्हणून वढला."

"मामा, एवढं सगळं कशाला?"

"लिहा बाई. उद्या कुणी इचारलं तर कागदानं बोलावं. माझं कोण ऐकतंय?"

मी लिहिलं. मग नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. रेवा, भैरव, सख्खी भावंडं, आडसूळ नको म्हणत होता, सगळं. मामांनी डोळे मिटून, मान हलवत ऐकलं. मग निळ्या शाईच्या गादीवर डावा अंगठा टेकवला आणि ओळीखाली उमटवला. अंगठ्यावर उरलेली शाई केसांना पुसली, दारात गमबूट चढवले आणि गेले.

ही आमची रोजची रीत होती. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वाघांचं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा ते सांगणार, मी लिहिणार, मी वाचून दाखवणार आणि ते अंगठा देणार. तीन वर्षांत एकदाही ते म्हणाले नाहीत की, बाई, वही इकडं फिरवा, बघू द्या.

मी डॉ. शैलजा बिडवई. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, आणि मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात हंगामी पशुवैद्य होते. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही, जे केलं ते मी केलं.

मामा म्हणजे धोंडीराम आडसूळ. छप्पन्न वर्षांचे, काटकुळे, वाघांकडं तीस वर्षं काम केलेले. चहाखेरीज कसलं व्यसन नाही. अख्खा स्टाफ त्यांना मामाच म्हणायचा आणि ते स्वतःला वाघांच्या पिल्लांचे मामा समजायचे.

माझी-त्यांची ओळखच मुळी या रेवा-भैरवमुळं झाली. नोकरी लागून मला पंधरा दिवस झाले होते. एका सकाळी मामा सुपात गोणपाट अंथरून, त्यावर दोन पिल्लं ठेवून माझ्या खोलीत आले. मागे मामी, त्यांच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं.

"बाई, आज बारसं हाय. तुम्ही आत्या व्हा."

"अहो मामा, मी डॉक्टर आहे इथली."

"मग? डॉक्टर कुणाची आत्या नसती व्हय?"

मला हसू आवरेना. पण मामा हसत नव्हते. संग्रहालयात जन्मलेलं एकही पिल्लू त्यांनी बारशाविना ठेवलं नव्हतं. ज्या खोलीत वाघांचं मांस तोडायचे ती धुऊन काढायची, गूळ ठेवायचा, आणि कुणीतरी बाईमाणूस आत्या व्हायचं. मी सुपावर वाकले. पिल्लांच्या कानाशी तोंड नेऊन एकाला म्हटलं भैरव, दुसरीला म्हटलं रेवा. मामींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस पाठ दुखत होती. अशी मी त्या दोघांची आत्या झाले. हे सगळं मला ठाऊक होतं, हे ध्यानात असू द्या.

या दोघांचा बाप पांढरा वाघ होता. मोती. आई साधी, पिवळी. मोतीला बघायला चार जिल्ह्यांतून माणसं यायची. एसटीच्या एसट्या भरून शाळा यायच्या. मोती मूत्रपिंडानं गेला आणि गर्दी ओसरली. रेवा-भैरव तरणेबांड, अंगावर पट्टे असे की बघत राहावं. पण लोक जाळीशी यायचे आणि विचारायचे, "पांढरा कुठाय?" एकदा एक पोरगं पिवळा वाघ बघून भोकाड पसरून रडलं. मामांना ते फार लागलं.

"ह्यो वाघ न्हाई का?" ते मला म्हणाले. "पांढरा रानात सोडला तर चार दिवसांत उपाशी मरंल. हरणं लांबूनच बघून पळतील. अन् ह्यांना त्योच पायजे."

आमचे अधीक्षक देवडीकर साहेब मात्र वेगळंच म्हणायचे. "डॉक्टर, लोक पांढऱ्यासाठी येतात आणि पिवळाही बघून जातात. पांढरा नसेल तर कुणीच येणार नाही. मग तुमच्या बिबट्यांच्या पिंजऱ्यांना नवीन छप्पर कुठून येणार?" हे अगदीच खोटं होतं असंही नाही. छपरं गळत होती.

महापौरांनी दिवाळीच्या भाषणात ठोकून दिलं की, येत्या वर्षात आपल्याकडे पुन्हा पांढरा वाघ जन्मेल. पांढरा रंग हा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, तर देवडीकर म्हणाले, मग तशी सोय करा. म्हणून दुसऱ्या एका संग्रहालयातून शंकर नावाचा पांढरा वाघ दोन महिन्यांसाठी आणला. काय त्याचा थाट! फाटकाशी तुतारी, हार, पेढे. मामा म्हणाले, "जावई आला."

जावई चौदा वर्षांचा निघाला. रेवाकडं पाठ करून बसायचा, खायचा आणि झोपायचा. आठवडाभरानं मामा म्हणाले, "बाई, ह्यो जावई निस्ता जेवायला आलाय." आम्ही सगळे पोट धरून हसलो. महिना गेला, दीड महिना गेला, मग हसू ओसरलं.

जानेवारीत देवडीकरांनी मला बोलावलं. टेबलावर माझी फाइल होती, नोकरीत कायम करण्याची. तीन वर्षं ती फिरत होती.

"ही महापौरांच्या सहीला चाललीय," ते म्हणाले. "जाता जाता त्यांनी विचारलं, पिल्लाचं काय झालं. काय सांगू?"

"शंकर म्हातारा आहे, साहेब."

"भैरव तर तरुण आहे. त्याच्या अंगात मोतीचंच रक्त आहे. रेवाच्याही आहे."

"सख्खी भावंडं आहेत ती. अशी जोडी लावायची नाही म्हणून वरून पत्र आलंय. पिल्लं अधू निघतात."

"सगळीच निघतात का?"

"सगळीच असं नाही."

"मग बघा," ते म्हणाले, आणि फाइल आपल्याकडे ओढून घेतली.

घरी आई आजारी होती, वगैरे कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. आई आजारी होती हे खरं. पण मला ती खुर्ची हवी होती हे त्याहून खरं. शिवाय अंगात मस्ती होती. वाटायचं, मी शिकलेली, मला कळतं, एखाद्या वेळेनं काय होतंय.

मामांनी मात्र पाय रोवले. मधल्या दरवाजाची साखळी हातात धरून उभे राहिले आणि ओढेनात.

"बाई, बहीण-भाऊ हायेत."

"मामा, वाघाला कसलं आलंय गोत्र?"

"गोत्र नसंल. अंगाला तर कळतं का न्हाई? रानात असते तर भैरव कवाच दूर निघून गेला असता. आपण कोंडलंय त्यांना. त्यांनी जायचं कुठं?"

हे कुठल्या पुस्तकाहून कमी शास्त्रीय नव्हतं. मी आवाज चढवला. "साखळी ओढा. मी सांगतेय ना!" मामांनी माझ्याकडे बघितलं आणि ओढली. त्या संध्याकाळी वहीतली ती नोंद झाली. पुढच्या आठवड्यात शंकर हार घालून परत गेला.

मेच्या पहिल्या आठवड्यात रेवा व्याली. दोन पिल्लं, दोन्ही पांढरी. देवडीकरांनी पेढे वाटले. मामांनी पेढा घेतला नाही.

मोठ्या पिल्लाची टाळू फाटलेली होती. दूध प्यायचं आणि नाकातून बाहेर यायचं. मामा चार दिवस मांडी घालून त्याच्याशी बसले. कापसाची वात करून एकेक थेंब पाजत होते. चौथ्या दिवशी दुपारी मला बोलवायला आले नाहीत, स्वतःच त्याला सुपात घेऊन आले. तेच सूप होतं.

"असं होतं कधी कधी, मामा," मी म्हटलं.

"होत नसतंय बाई. केल्यावर होतंय."

कडुनिंबाखाली त्यांनी त्याला पुरलं. वर्तमानपत्रात एकाच पिल्लाची बातमी आली. ते एक म्हणजे शुभ्रा. नाव महापौरांनी आधीच ठरवलं होतं. ती जगली, पण डोळे उघडले तेव्हा दिसलं की दोन्ही बुबुळं नाकाकडं वळलेली आहेत. मान एका बाजूला टाकून ती चालायची आणि चालता चालता कलंडायची.

आता बारसं. खरं बारसं, महापालिकेचं. जूनच्या सुरुवातीला वाघांच्या पिंजऱ्यासमोर मांडव घातला. महापौरांच्या घरचा सागवानी पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, भोंग्यावर पाळणे, नगरसेवकांच्या बायका नटूनथटून, पाच-सहा पत्रकार आणि सात-आठशे माणसं. घुगऱ्यांची दोन मोठी पातेली. पिल्लू आईपासून काढायचं काम मामांचंच होतं. रेवाला आतल्या खोलीत कोंडावं लागलं. ती आतून पत्र्यावर पंजे मारत होती आणि भोंगा मोठा करायला सांगितला होता.

मामांनी शुभ्राला माझ्या हातात दिलं. कुणीतरी तिला झालरीचं टोपडं घातलं होतं.

"टोपडं काढू का?" मी विचारलं.

"राहू द्या," मामा म्हणाले. "डोळे झाकतील जरा."

एका पत्रकारानं विचारलंच, "डॉक्टर, ही तिरळी आहे का?"

"लहान आहे अजून. नजर बसेल," मी म्हटलं.

महापौरांच्या बायको, वहिनीसाहेब, पैठणी सावरत पाळण्यापाशी आल्या. "चला, आत्या कोण?" कुणीच पुढं येईना. तेव्हा त्याच म्हणाल्या, "मग मीच आत्या!" मागून कुणीतरी ओरडलं, "मग महापौरसाहेब वाघाचे मेहुणे झाले की!" सगळा मांडव हसला. महापौरही हसले. वहिनीसाहेब लाजत पाळण्यावर वाकणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "आत्या हाय की हिची."

मोठ्यानं नाही म्हणाले. पण माईक पाळण्याशीच होता.

"कोण?" वहिनीसाहेबांनी हसतच विचारलं.

"आत हाय. तुम्ही कोंडलीया तिला. हिची आईच हिची आत्या हाय."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला. दोघं-चौघं हसलेसुद्धा. पण तो तिरळेपणाचा प्रश्न विचारणारा पत्रकार पुढे आला. "म्हणजे काय, मामा?"

"म्हणजे आई अन् बाप एका सुपातले. सख्खे बहीण-भाऊ. एक पिल्लू तिकडं निंबाखाली पुरलंय, ते कुणाला सांगितलं न्हाई. ह्या बाईंना इचारा. रेवा अन् भैरवच्या कानात ह्यांनीच नावं सांगितल्याती. ह्या त्यांच्या आत्या."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शुभ्रा माझ्या हातात होती.

देवडीकर मात्र कसलेले गडी. घाई नाही, आरडाओरडा नाही. शिपायाला खूण केली, वही मागवली, आणि चष्मा लावून माईकवर वाचली. "अठरा जानेवारी. रेवा आणि शंकर यांना एकत्र सोडले. दिवसभरात सहा वेळा मीलन. नोंद सांगणार, धोंडीराम आडसूळ." त्यांनी वही मामांसमोर धरली. "हा अंगठा तुझाच ना?"

मामांनी पाहिलं. अक्षरं त्यांना कळत नव्हती, पण आपला अंगठा ओळखता येत होता. डाव्या अंगठ्यावर त्यांच्या जुना आडवा काप होता, तो छापात उमटायचा.

"अंगठा माझा हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मान वर केली. देवडीकरांकडं नाही, महापौरांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मला भैरव म्हणून वाचून दाखवलं व्हतं."

हो. दाखवलं होतं. त्या संध्याकाळी मी वाचलं एक आणि कागदावर होतं दुसरं. आदल्या दिवशी देवडीकर मला म्हणाले होते, "वहीत काय लिहायचं ते तुम्ही बघा, तुम्ही शहाण्या आहात." मी शहाणपण केलं. हातानं शंकर लिहिलं आणि तोंडानं भैरव वाचलं. सख्खी भावंडं, आडसूळ नको म्हणत होता, हे सगळं कोऱ्या जागेकडं बघत, एका दमात, न अडखळता वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. अडखळले असते तरी त्यांना संशय आला नसता.

"डॉक्टर," महापौरांनी विचारलं, "हा काय म्हणतोय?"

तेव्हा एक शब्द पुरेसा होता. खरं आहे, इतकंच. फार तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. गावोगावच्या गायी-म्हशी बघून पोट भरलं असतं.

मी म्हटलं, "मामा आज घेऊन आलेत."

आजही हे वाक्य लिहिताना माझे कान तापतात. कुणी ते मला शिकवलं नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती. ते माझ्याच तोंडातून आलं, इतकं सहज की जणू तयारच होतं.

मांडवात कुजबुज झाली. "तरीच!" कुणीतरी म्हणालं. मामांचा चेहरा मी नीट पाहिला नाही. ते दोन पावलं चालून माझ्या अगदी जवळ आले आणि तोंड उघडून उभे राहिले, लहान पोर घसा दाखवतं तसे.

"हुंगा बाई. तुम्ही डॉक्टर हाय."

त्यांच्या तोंडाला घुगऱ्यांचा वास येत होता, शिजलेल्या हरभऱ्याचा. दुसरा कसलाही नव्हता.

"येतोय वास," मी म्हटलं.

दोघा जणांनी मामांना दंडाला धरलं. त्यांनी हात झाडला नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "पिल्लू आईकडं सोडा लवकर. भूक लागली असंल." मग वहिनीसाहेबांनी शुभ्राच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, कुर्रर्र झालं, फोटो झाले. पातेल्यातल्या घुगऱ्या सगळ्या संपल्या. लोक म्हणाले, बारसं झकास झालं.

चौकशी नावापुरतीच झाली. मी लेखी दिलं, सही केली. कामावर पिऊन येणं आणि महापालिकेची बदनामी करणं यासाठी मामांची वाघांकडून बदली झाली. रस्त्यावर मेलेली कुत्री, गाढवं, डुकरं उचलणाऱ्या गाडीवर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तीस वर्षं ज्यानं जित्या जनावरांना घास भरवला, त्याला मेलेल्यांवर घातलं. त्याच महिन्यात मी कायम झाले.

शुभ्रा चार वर्षं जगली. गर्दी पुन्हा आली, देवडीकर म्हणाले होते तशीच. बिबट्यांची छपरंही झाली. शुभ्रा गोल गोल फिरायची, एकाच बाजूला, आणि पाण्याच्या हौदावर जाऊन आदळायची. लोक खिदळायचे. "ए तिरळे!" म्हणून हाका मारायचे. मी दर वेळी कुणावर तरी खेकसायची, आणि मग खोलीत जाऊन बसायची. रेवाची जोडी मी पुन्हा कुणाशीच लावू दिली नाही. तेवढं एक केलं. पण ते मी मामा असताना करायला हवं होतं.

आता त्या सोमवारचं सांगते. कारण मला झोप लागत नाही ती बारशामुळं नाही, त्या सोमवारामुळं.

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. अकराच्या सुमारास मामा माझ्या खोलीच्या दाराशी आले. आंघोळ केलेली, धुतलेला सदरा. पायात चपला नव्हत्या. हातात ते दोन गमबूट, घासून स्वच्छ केलेले. ते त्यांनी भिंतीशी जोडीनं ठेवले, कारण ते महापालिकेचे होते. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर माझ्यासमोर सरकवला.

"बदलीचा हुकूम हाय. पोचलं म्हणून अंगठा देऊन तुमच्याकडं ठेवायचाय म्हणं. वाचून दाखवा."

मी कागद उलगडला. आणि मी वाचलं, खरं खरं, एकेक अक्षर. "कामावर मद्यप्राशन करून आल्याचे पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. शैलजा बिडवई यांच्या लेखी निवेदनावरून सिद्ध झाल्याने." माझंच नाव मी माझ्या तोंडानं वाचलं. हुकमाची तारीख वाचली, जावक क्रमांक वाचला, खाली प्रती कुणाकुणाला तेही वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाटत होतं, निदान हे तरी त्यांना माझ्याकडून खरं ऐकू दे.

मामा ऐकत होते. या वेळी डोळे उघडे होते.

"झालं?"

"झालं, मामा." मी शाईची गादी उघडून पुढे सरकवली. "मामा, मी..."

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, गादी तशीच राहू दिली आणि बाहेर पडले.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. उन्हात अनवाणी ते फाटकापर्यंत चालत गेले. तिथं तिकीट खिडकीवरची मालन आठवड्याचा हिशेब करत बसली होती, सातवी शिकलेली. मामांनी कागद जाळीतून आत दिला, टोपी काढून हातात धरली आणि कान जवळ नेला. मालन बोट फिरवत, अडखळत वाचत होती. मधेच तिनं दचकून माझ्या खिडकीकडं बघितलं. मामांनी तिला खूण केली, वाच पुढं. पुरं वाचून होईस्तोवर ते तसेच वाकून उभे होते.

मग तेवढंच अंतर चालत परत आले. कागद टेबलावर ठेवला आणि नीट सरळ केला.

"बरोबर वाचलं तुम्ही, बाई," ते म्हणाले. "आता देतो अंगठा."